पाठीचे कातडे

कोणीच बोलत नव्हते.

केळवलीच्या चढावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, नाना दुर्व्यांची मोटार उभी होती. तिच्या पुढच्या बैठकीखालची फळी उघडलेली होती. त्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालून नुकताच बाहेर आलेला येसाजी तर्जनीचे टोक नाकाशी धरून उभा होता. वैद्याने रोग्याची नाडी सोडून नातेवाइकांकडे पाहावे तसे त्याने एकदा नानांकडे पाहिले, एकदा मागच्या बैठकीवर करंज्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या प्रमोदिनीबाईंकडे पाहिले, आणि मोजकेच विचारले होते :

“तिळाचं हाय. कोणी ओतलं?”

त्यानंतरची ती शांतता. आश्विनातल्या सकाळी भातखाचरांवर जी शांतता पसरते ती वेगळी. तिच्यात भरलेल्या दाण्यांचा जडपणा असतो. ही तापलेल्या लोखंडाची शांतता होती. ती आतल्या आत टिकटिकत होती, आणि तिला करपलेल्या तेलाचा वास होता.

नाना वकील होते. ‘विचारल्याशिवाय बोलू नकोस, आणि विचारले तर आठवत नाही म्हण,’ हा उपदेश कर्जतच्या कोर्टात बावीस वर्षे त्यांनी अनेकांना केला होता आणि अनेकांना त्यापायी मोकळे सोडवले होते. तो स्वतःवर वापरायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांच्याने राहवले नाही.

“काल दसरा झाला,” खाचरांकडे पाहत ते म्हणाले. “घरात पूजा होती. बायकामाणसं… भक्तीच्या भरात… काय सांगावं!”

घरात बाईमाणूस एकच होते. कन्या सुनीती पुण्यास शिकत होती. प्रमोदिनीबाईंनी टोपलीवरचे फडके सारखे केले, त्याची चारही टोके नीट खाली खोचली, आणि मग शांतपणे म्हणाल्या, “हो. माझ्याच हातून झालं असणार.”

“नाय, वहिनीसाहेब,” येसाजी बोट धोतराला पुसत म्हणाला. “ह्या फळीचा पाना नानासायबांच्या खिशात आसतो. साखळीला.”

नानांचा हात आपणहून कोटाच्या खिशावर गेला. साक्षीदाराने न विचारता दिलेला पुरावा कोर्टात सहसा ग्राह्य धरला जात नाही. पण केळवलीच्या चढावर हरकत कोणापुढे घ्यायची?

ही मोटार नानांकडे आली होती एका मृत्युपत्राच्या पाठोपाठ. नेरळच्या एका वृद्ध पारशी बाईंचे मृत्युपत्र त्यांनी इतके निर्दोष लिहिले, की त्या बाईंना मरणाची घाईच उरली नाही. कृतज्ञतेपोटी त्यांनी दिवंगत पतीची, लढाई सुरू झाल्यापासून गोठ्यात झाकून ठेवलेली गाडी नानांना देऊन टाकली. पंचवीस वर्षांपूर्वी विलायतेत घडलेली, पितळी दिव्यांची, कापडी टपाची आणि लांबीने एखाद्या ओसरीएवढी. घडवणाऱ्यांचे नाव घासून गेले होते, त्यामुळे शिव्यांना पत्ता नव्हता.

गाडी दिसायची राजस. चालायची मात्र अपमान झाल्यासारखी. इंजिनाची ताकद चाकांकडे न्यायला मध्ये जो दुवा असतो, त्या क्लचमध्ये सारी मेख होती. सोबतच्या इंग्रजी पुस्तकाने तो बारा पाने खर्चून समजावला होता. खरे तर प्रकार इतकाच, की एका मोठ्या लोखंडी वाटीत कातडे चढवलेली दुसरी वाटी घट्ट रुतते. रुतली की गाडी चालते, उचलली की सुटते. ते कातडे जळून कोळसा झाले होते. पायाखालची पट्टी सोडताच गाडी एकदम झेप घेई आणि नानांची पगडी मागच्या बैठकीवर जाऊन बसे. गिअरच्या पेटीतले दाते एकमेकांना भेटत ते भाऊबंदकीच्या आवेशाने; तो कडकडाट ऐकून समोरच्या दवाखान्यातले रोगी आपला दात न काढताच घरी गेल्याची वदंता होती. कल्याणहून एक कारागीर आणला. त्याने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. “वकीलसाहेब, ही गाडी उमराव आहे. उमरावांना दुरुस्त करत नसतात, सांभाळायचं असतं,” एवढे सांगून, चहा पिऊन तो गेला.

शेजारचे आबाजी, रेल्वेतले निवृत्त गार्ड, रोज सकाळी तोंडात कडुलिंबाची काडी धरून कुंपणाशी येत आणि उपाय सुचवीत. “नाना, तीस वर्षं इंजिनामागे काढली मी. इंजिन म्हणजे बैल. चुचकारा.” नाना चुचकारत. तीस वर्षे आबाजी इंजिनापासून चौदा डबे मागे बसले होते, हा विचार नानांना सुचायला सहा महिने लागले.

शेवटी गाडी चालती केली ती बाजारातल्या उंबराखाली वहाणा शिवणाऱ्या येसाजीने. तो नानांहून सात-आठ वर्षांनी मोठा. पण नानांचे वडील त्याला ‘येशा’ म्हणत, म्हणून नानाही म्हणत. काही गोष्टी माणसाला वारशाने मिळतात आणि त्यांवर कर बसत नाही, म्हणून त्या मोजल्याही जात नाहीत. सोडवून आणलेले जळके कातडे येसाजीने गुडघ्यावर पसरले, अंगठ्याने दाबले, आणि वाईट बातमी सांगावी तसे म्हणाला, “हे पोटाचं कातडं घातलंय कोणीतरी. पोटाचं मऊ लागतं हाताला, पण ताणतं. भार घ्यायचा तर पाठीचं पायजे.”

लढाई संपून वर्ष लोटले होते, पण चांगले कातडे अजून बाजारात दिसत नव्हते; ते कुठल्या कुठल्या वाळवंटांत सैनिकांच्या पायांतून झिजून गेले होते. येसाजीने ते कुंभिवलीहून आणले. तिथे ओढ्याकाठी त्याच्या आज्याने खोदलेली तीन दगडी कुंडे होती. ऐनाच्या सालीच्या पाण्यात त्यांत कातडी महिनोन् महिने मुरत. पाठीचा एक लांब पट्टा त्याने कापला, कडा तासून पातळ केल्या, एरंडेलात मुरवला, पुसून कोरडा केला आणि तांब्याच्या खिळ्यांनी त्या वाटीवर असा चढवला, की खिळ्यांची डोकी कातड्याच्या पोटात बुडून गेली. चामड्याच्या वादीने ढोलकीची पुडे ताणणारे ते हात होते. कुठे किती ओढायचे ते त्यांना सांगावे लागत नव्हते. त्या दिवशी मोटार प्रथमच एखाद्या सुसंस्कृत वाक्यासारखी पुढे सरकली.

“आता ह्याला तेलाचा थेंब दावायचा नाय,” त्याने बजावले. “एरंडेल पिऊन झालंय त्याचं. वरून तेल पडलं तर घसरंल. तुमाला शप्पथ हाय.”

मजुरी त्याने घेतली नाही. त्याने मागितले ते वेगळेच. कुंडांचा वास येतो, ती बुजवावीत, असा अर्ज कुंभिवलीतल्या काही मंडळींनी केला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खालापूरच्या कचेरीत महालकऱ्यांपुढे सुनावणी होती. “तुमी नुसतं उभं ऱ्हायलात तरी झालं. आमी बोललो तर वासच येतो त्यांना, शब्द ऐकू येत नाय.”

नाना हेलावले. त्यांनी शब्द दिला, आणि येसाजीच्या नोटिशीची प्रत खिशात घालून ते त्याच दिवशी पेट्रोलच्या कूपनांसाठी निघाले; कारण हेलावलेल्या मनालाही पेट्रोल नियंत्रित भावाने आणि कूपनावरच मिळत होते. कूपनांचा कारकून त्यांना तीन महिने परतवीत होता. “अहो वकीलसाहेब, गाडी चैनीची, मग कारण निकडीचं कसं असेल?” या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर नव्हते. आता होते. नोटीस पाहून कारकुनाने मान डोलावली, आणि चार गॅलन पेट्रोल मंजूर झाले ते कुंभिवलीच्या तीन कुंडांच्या नावावर.

“सकाळच्या आगगाडीने खोपोलीला उतरलात तर पुढे टांग्याने दहाच्या आत खालापूर,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या होत्या.

“आगगाडीने सगळेच जातात,” नाना म्हणाले. खालापूर हे बाईंचे माहेर. तिथल्या मेहुण्यांनी गेल्या दिवाळीत ‘काय नाना, तुमची मोटार चारा किती खाते?’ असे भरल्या पंक्तीत विचारले होते. सुनावणी अकराला होती. पण नानांच्या मनातली सुनावणी मेहुण्यांच्या दारात, साडेदहाला होती.

आणि मग दसरा उजाडला. मोटार धुऊन निघाली, झेंडूच्या माळांनी सजली, चाकांखाली लिंबे बसली. आपट्याची पाने घेऊन शेजारची चार माणसे जमली. आबाजींनी कंबरेवर हात ठेवून पाहणी केली.

“नाना, तेलाचं बोट?”

“लावलं ना, चाकांना.”

“चाकांना काय लावता! जिथे जीव आहे तिथे लावा. आमच्या शेडमध्ये दसऱ्याला यंत्र तेलाने न्हाऊ घालायचे.”

“तिथे तेल चालत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतात?”

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर तीन अक्षरांचे एक नाव होते, आणि ते नानांच्या जिभेवर आलेही होते. पण उंबराखाली बसणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून दुर्वे वकील आपल्या दारातली पूजा अर्धी सोडतात, हे चार माणसांत उच्चारायचे म्हणजे! पुस्तकाचे नाव घ्यावे तर आबाजी पुस्तक मागणार. क्षण मोठा चमत्कारिक होता. झेंडूचा उग्र गंध, चार चेहरे, आणि दारात निरांजन घेऊन उभी राहिलेली पत्नी, जिला ते नाव ठाऊक होते.

“कोणी नाही,” नाना म्हणाले. त्यांनी साखळीचा पाना काढला, फळी उघडली, आणि अर्धी वाटी तिळाचे तेल स्वहस्ते आत ओतले. वरून आपट्याचे एक पानही वाहिले. आबाजींनी “आता कसं!” म्हटले. प्रमोदिनीबाईंनी निरांजन ओवाळले आणि त्या आत गेल्या.

सकाळी निघताना येसाजी धुतलेले धोतर नेसून, हत्यारांची पिशवी घेऊन आला. गाडीत चार जागा रिकाम्या होत्या. “येशा, तू दाराबाहेरच्या पायफळीवर उभा राहा,” नाना म्हणाले. “गिअरचा आवाज तुला तिथून बरा ऐकू येईल.” ज्याने त्या गाडीच्या काळजाला कातडे शिवले होते, तो तिच्या बैठकीचे कातडे विटाळेल अशी भीती नानांना खरोखर वाटत होती का? त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, छे, मी तसला नाही. आणि ते खरेही होते. त्यांना फक्त मेहुण्यांची वाटत होती.

पळसदरीपर्यंत सपाटी होती, तेल मुकाट बसले होते. केळवलीचा चढ लागला आणि ते बोलू लागले. इंजिन गर्जू लागले, चाके विचारात पडली. नाना जितके पेट्रोल देत तितका नाद वाढे आणि वेग घटे. वक्तृत्व फार आणि कृती काही नाही, अशा अवस्थेत गाडी थांबली.

एवढे सगळे त्या शांततेत होते.

ती मोडली आगगाडीच्या शिट्टीने. खाचरांपलीकडून खोपोलीची गाडी धूर सोडत येत होती. येसाजीने कपाळावर हात धरून पाहिले.

“केळवलीला थांबंल ती. पळालो तर गावंल.”

“अरे, वकिलाशिवाय तिथे जाऊन तू करणार काय?”

“मंग तुमीबी चला.”

“आणि हिला? इथे, रस्त्यात टाकून?”

“मी बसते हिच्यापाशी,” मागून प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं जा.”

नानांनी गाडीकडे पाहिले. पितळी दिव्यांत ऊन उतरले होते, कालच्या झेंडूच्या माळा अजून टवटवीत होत्या. खोपोली स्थानकाबाहेरच्या टांग्यात, येसाजीच्या शेजारी, कोटावर कोळशाची काजळी घेऊन आपण मेहुण्यांच्या दारावरून जात आहोत, हे चित्र त्यांना फार स्पष्ट दिसले.

“दहा मिनिटांचं काम आहे,” ते म्हणाले. “येशा, तू मनावर घेतलंस तर दहा मिनिटं.”

आगगाडी केळवलीला थांबली, निघाली, आणि तिचा धूर डोंगराच्या कुशीत विरून गेला. मग येसाजी खाली बसला आणि बाह्या सारू लागला.

तेल शोषायला राख हवी होती. उतारावरच्या ठाकराच्या झोपडीतून भागी नावाची एक म्हातारी सुपात चुलीतली राख घेऊन वर आली आणि त्या सजलेल्या धुडाकडे पाहत राहिली.

“गाडीला राख? मेली काय रं?”

“आजून नाय,” येसाजी आतून म्हणाला.

“मंग हार कशाला घातलाय?”

येसाजीच्या हाताला आत काहीतरी लागले. त्याने ओढून काढले. करपलेले, तेलकट, हृदयाच्या आकाराचे आपट्याचे पान. त्याने ते तळहातावर ठेवून नानांपुढे धरले.

“सोनं हाय,” तो म्हणाला. “ठेवा.”

नानांनी ते घेतले. न घेऊन काय करणार?

दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. राख फासलेले कातडे थोडे धरू लागले आणि गाडी पहिल्या गिअरवर, म्हशीच्या चालीने, निघाली. दर मैलाला थांबून आणखी राख. प्रमोदिनीबाई टोपली सांभाळून बसल्या होत्या. खोपोलीत अकराचे टोले पडले तेव्हा कोणी वर पाहिले नाही. पाताळगंगेजवळच्या चढावर गाडीने पुन्हा हात टेकले, आणि नानांना इंग्रजी पुस्तकाचे छत्तिसावे पान आठवले : उलट जाण्याचा गिअर हा सर्वांत बलवान असतो, कठीण प्रसंगी चढाकडे पाठ करून चढावे.

त्यांनी गाडी वळवली, दांडा ओढला. भाऊबंदकीचा एक शेवटचा कडकडाट झाला, आणि काय आश्चर्य, उमराव उलट्या पावलांनी चढ चढले! नानांच्या मुखातून आनंदाचा उद्गार निघाला. सकाळपासूनचा तो पहिलाच, आणि अखेरचाही; कारण माथ्यावर पोचल्यावर दांडा जागचा हलेना. ओढला, ढकलला, येसाजीने हातोडीच्या मुठीने समजावला. पेटीतले दाते एकदाचे एकमेकांशी समेट करून बसले होते, आणि आता त्यांना जगाशी काही कर्तव्य नव्हते.

खालापूर दोन मैल राहिले होते. ते दोन मैल नाना दुर्व्यांनी मागे तोंड करून, मान पिळून, उलटे कापले. पायफळीवरून येसाजी ओरडत होता, “डावी घ्या! नाय नाय, तुमची डावी नाय, गाडीची डावी!” खालापूरच्या बाजारात दुकाने सोडून माणसे रस्त्यावर आली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मेहुणे ओटीवर सुपारी कातरत होते. त्यांच्या पुढ्यातून प्रथम गाडीचा पार्श्वभाग, मग टोपलीसह त्यांची भगिनी, मग येसाजी, आणि सर्वांत शेवटी घामाने निथळणारे नाना, अशा क्रमाने मिरवणूक गेली.

“नाना, आलात की निघालात?” मेहुण्यांनी विचारले.

प्रमोदिनीबाईंनी हाताने थांबायची खूण केली, उतरल्या, टोपली कडेवर घेतली. “दीड वाजला आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “कचेरीत आधी जा.” आणि ओटीच्या पायऱ्या चढून आत गेल्या.

कचेरीत महालकरी नव्हते. सुनावणी आटोपून ते फिरतीवर निघून गेले होते. कारकुनाने कागद पुढे सरकवला. अकरा वाजता तीनदा पुकारा केला. जाब देणारा गैरहजर, वकील गैरहजर. सबब अर्जदारांचे म्हणणे मान्य. महिनाअखेर तिन्ही कुंडे दगडमातीने बुजवावीत.

“साहेबांनी साडेअकरापर्यंत वाट पाहिली हो,” कारकून म्हणाला. “अर्जदार मंडळी कुंभिवलीहून चालत आली होती. तुमच्याकडे तर मोटार आहे म्हणे.”

“मोटारीच्याच क्लचमध्ये…” नानांनी सुरुवात केली.

कारकुनाने येसाजीकडे पाहिले. “काय रे, उशीर कशानं झाला?”

तेल, पाना, दसरा, आगगाडी : सगळे आता या खोलीत, कारकुनाच्या पुढ्यात मांडले जाणार होते, आणि संध्याकाळपर्यंत मेहुण्यांच्या ओटीवर पोचणार होते.

“चढ व्हता,” येसाजी म्हणाला. “गाडी चढली नाय.”

त्याने कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा उठवला. अंगठ्याला आधीच तेल आणि राख लागलेली होती. शाईची फारशी गरज पडली नाही.

बाहेर वडाखाली गाडी उभी होती, तोंड आल्या वाटेकडे करून. झेंडू आता कोमेजले होते. नाना भराभर बोलू लागले, जसे ते हरलेल्या पक्षकारांशी नेहमी बोलत. अलिबागला कलेक्टरांकडे अपील आहे. साठ दिवसांची मुदत आहे. गैरहजेरीला सबळ कारण दाखवता येते. बोलता बोलता ते थांबले, कारण सबळ कारण कोणते ते त्यांना लिहून द्यावे लागणार होते.

येसाजी पायफळीवरची आपली पिशवी उचलत होता.

“हे काय? थांब,” नाना म्हणाले, आणि मागचे दार त्यांनी स्वतः उघडले. पितळी मूठ उन्हाने तापली होती. “आत बस. मी गाडी सोडवून घेतो कोणाकडून तरी. कुंभिवलीपर्यंत सोडतो तुला. बस ना. आत, सीटवर बस.”

येसाजी दाराशी आला. तो वाकला. त्याने बैठकीच्या कातड्यावर अंगठा ठेवला, दाबला, क्षणभर थांबला आणि उचलला. कातड्यावर खळगा तसाच राहिला होता. शेजारी राखेचा एक ठसा.

“हे पोटाचं हाय,” तो म्हणाला.

त्याने पिशवी खांद्याला लावली आणि कुंभिवलीची वाट धरली.

“अपील करू आपण!” नाना मागून म्हणाले. मग, बावीस वर्षांत प्रथमच, आणि बापाच्या हयातीतली वर्षे धरली तर त्याहूनही फार उशिरा, त्यांनी त्याला पूर्ण नावाने हाक मारली. “येसाजी! करू ना अपील? येसाजी!”

रस्ता सपाट होता, वारा पडलेला होता; हाक ऐकू गेली नसेल असे म्हणायला काही जागा नव्हती. पिशवीतली हत्यारे पावलागणिक एकमेकांवर वाजत होती. तो आवाज वडापासून ओढ्याच्या वळणापर्यंत गेला, आणि वळणापलीकडे गेला.